पांढरा ठिपका, पिवळा ठिपका

६ जानेवारी

मामा,

फोनच केला असता, पण चाळीस वर्षं ग्राइंडर ऐकून तुमच्या कानांना आता माणसाचा आवाज ऐकू येत नाही, हे मामीनं कळवलंय. म्हणून पत्र.

बातमी अशी की तुमच्या शेडला काम लागलं. तुम्ही दादाकडे राहायला गेलात त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी इथं लोखंडाची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्याच करत बसले होते. आता आपल्या रस्त्याच्या टोकाला डोळ्यांचं नवं इस्पितळ उभं राहतंय. त्याच्या पहिल्या जिन्याचा कठडा मला मिळालाय. पूर्ण स्टेनलेस, दोन इंची गोल नळी, बेचाळीस पायऱ्या, सव्वीस जोड. दहा फेब्रुवारीला तपासनीस बाई येणार. त्यांना जोड पसंत पडले तर वरच्या तीनही मजल्यांचे कठडे माझे. नाही पडले तर हाही उखडायचा आणि ठेकेदार आपल्या माणसाला बोलावणार. तसं त्यानं तोंडावर सांगितलं. वर म्हणाला, "ताई, हे भांडी घासण्याचं काम नव्हे." मी म्हटलं, "भांडीच घासणार आहे, जरा लांबट आहेत इतकंच."

बोलायला बोलले, पण स्टेनलेसला मी हात लावलाय तो तुमच्या हाताखाली, तोही किती वर्षांपूर्वी. वेल्डिंगची मला धास्ती नाही. जोड घासून दिसेनासा करायचा, तिथं अडतं. काल दुकानात ग्राइंडरच्या चकत्या आणायला गेले. त्यानं समोर सतरा प्रकार मांडले आणि विचारतो कसा, "घरात कुणी पुरुष माणूस असेल तर त्याला पाठवा ना." मी काही न घेता परत आले. म्हटलं, आहे एक पुरुष माणूस, त्यालाच विचारते.

कोणती चकती कशाला, नीट लिहा. मामीला नमस्कार.

तुमची ठिणगी

१३ जानेवारी

ठिणगे,

आशीर्वाद नेहमीचे आहेतच. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा आधी जोडच मोजले. मामी म्हणते, बातमी आनंदाची आहे, मोजताय कसले? तिला काय जातंय बोलायला. सव्वीस जोड म्हणजे सव्वीस वेळा हात चुकायची सोय.

माझी शाळा चौथीत सुटली. कागदावर लिहायचं म्हटलं की बोटं आखडतात. पण चकतीचं विचारलंस तर मी कुणाच्या बापाला भीत नाही. लिहितो ते कागदावर राहू देऊ नकोस, डोक्यात घाल.

नळी कापायला पातळ चकती घे, एक मिलिमीटरची, नाण्याइतकी. जाड चकतीनं स्टेनलेस तापतं, निळं पडतं आणि तुझं घासायचं काम दुप्पट होतं. पण पातळ चकती सरळच चालवायची, आडवी म्हणून टेकवायची नाही. तिच्यात तेवढा जीव नसतो. जोडावरचा फुगवटा उतरवायला जाड चकती आहे, पण ती तू वापरू नकोस. नळी गोल आहे, जाड चकती तिच्यावर सपाट चट्टा पाडते आणि पडलेला चट्टा भरून निघत नाही. तुला लागणार पाकळ्यांची. वाळूच्या कागदाच्या पाकळ्या एकावर एक बसवलेली असते ना, ती. आधी साठ नंबर, मग ऐंशी, मग एकशेवीस. नंबर वाढतो तसा दाणा बारीक होतो. घाईनं एखादा नंबर गाळलास तर साठचे ओरखडे एकशेवीसखालून डोकं वर काढतात.

चकती घेताना तिच्या भोकातली पत्र्याची कडी बघ. तिच्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. मुदत गेलेली असेल तर दुकानदार तुझा सख्खा भाऊ असला तरी घ्यायची नाही. चकतीवर फेरे लिहिलेले असतात, तेही बघ. यंत्राचे फेरे त्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. चकती हातातून पडली तर फेकून दे, हळहळू नकोस. यंत्राची ढाल, चकतीवरचं ते अर्धं झाकण, काढायची नाही. केस बांध. चष्मा लाव. चष्म्यावर तोंडभर पडदा लाव. हातमोजे सैल नकोत.

माझ्या उस्तादांचा उजवा डोळा कसा गेला, ते तुला कधी सांगितलं नाही. तू लहान होतीस, घाबरली असतीस. कापायच्या पातळ चकतीनं ते आडवं घासत होते, ढाल काढून. "इतकंसं तर राहिलंय" म्हणाले. नळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. चकती फुटली. नंतर डॉक्टरांनी वाचवायला म्हणून डोळा कापला आणि होता तो उजेडही गेला. तेव्हापासून डोळ्याच्या डॉक्टरांची पाटी दिसली तरी मी दोन गल्ल्या वळसा घालतो. पण उस्ताद पुढंही वीस वर्षं काम करत राहिले. एका डोळ्याला खड्डा-उंचवटा कळत नाही म्हणून ते उरलेला डोळाही मिटायचे आणि जोडावरून अंगठा फिरवायचे. अंगठा अडला नाही तर जोड पास. मीही आयुष्यभर तेच केलं. तूही तसंच कर. तपासनीस बाई डोळ्यांनी बघतील, तू अंगठ्यानं बघ.

आता मुख्य गोष्ट. सोबतच्या पार्सलात बिस्किटांचा डबा आहे. त्यात नऊ पाकळ्यांच्या चकत्या आहेत, अर्ध्या झिजलेल्या. मी शेड सोडताना बरोबर आणल्या होत्या, टाकवत नव्हत्या. नवी पाकळी चावते, अर्धी झिजलेली गोंजारते. शेवटचा हात हिनंच फिरव. पांढरा ठिपका ती स्टेनलेसची, पाच आहेत. पिवळा ठिपका ती लोखंडाची, चार. आपल्या शेडचा नियम तुला माहीतच आहे, या दोघी सवती. लोखंडाला लागलेली पाकळी स्टेनलेसवर फिरवली की लोखंडाची भुकटी त्याच्या अंगात शिरते. त्या दिवशी आरशासारखं दिसतं आणि आठ दिवसांनी तांबूस पुटकुळ्या येतात. गंज लोखंडाचा आणि अब्रू आपली. कोणतीही चकती आधी भंगार तुकड्यावर चालव, वर ओलं फडकं टाक आणि दोन दिवसांनी बघ. जुने ठिपके पुसट झाले होते म्हणून मी खिडकीत बसून नव्यानं लावलेत. मामी म्हणाली, द्या मी लावते. मी म्हटलं, तुझं काम नाही ते.

एक सांगायचं राहिलं. अक्षर मोठं काढत जा. कागदाला काय महागाई आली आहे का?

तुझा मामा

२४ जानेवारी

मामा,

घ्या, एवढं अक्षर पुरे का? आता कुणी रस्त्यावरूनही वाचेल.

डबा पोचला. झाकण उघडलं आणि शेडमध्ये तुमचा वास आला. मग पांढऱ्या ठिपक्याच्या पाच एका खिळ्याला टांगल्या, पिवळ्या चार दुसऱ्या खिळ्याला, आणि मधल्या भिंतीवर खडूनं मोठी रेघ मारली.

दुकानातही गेले. कडी फिरवून मुदत वाचली. एक चकती मागच्या वर्षीच संपलेली होती. ती त्याच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, "ही घरातल्या पुरुष माणसाला विका." आता मला बसायला स्टूल देतो.

बेचाळीसपैकी तीस पायऱ्यांचा कठडा उभा राहिला. साठ, ऐंशी, एकशेवीस, एकही गाळला नाही. नव्या चकत्यांनी घासते आणि शेवटचा हात तुमच्या पांढऱ्या ठिपक्यांचा. काय गोंजारते हो ती! ठेकेदार येतो, नळीत स्वतःची मिशी बघतो आणि जातो. अंगठा फिरवते. एकोणीस जोड झाले, एकाही ठिकाणी अडला नाही. डोळे मिटून जिना उतरताना गवंडी हसतात. हसू देत.

दहा तारखेची मी वाटच बघतेय. त्या बाई आजच आल्या तरी चालतील.

ढाल आहे, चष्मा आहे, पडदा आहे, केस बांधलेत. तुम्ही विचारायच्या आधीच लिहिलं.

ठिणगी

३० जानेवारी

ठिणगे,

तुझं पत्र वाचून मी सरळ बसलो. मामी म्हणते, आठवड्यात पहिल्यांदा पाठ सरळ दिसली.

पण इतकं चांगलं चाललंय म्हणूनच भीती वाटते. हात बसला की माणूस बेफिकीर होतो. उस्तादांचा हात बसलेलाच होता. ढाल आहे लिहिलंस, पण ती ठिणग्यांच्या बाजूला फिरवली आहेस की उलटी? यंत्राची तार कुठून नेतेस? जिन्यावर तार पायात येते. चकती बदलताना यंत्राची पिन भिंतीतून काढतेस ना? नुसतं बटण बंद करून चालत नाही. पिन काढ. मला कळवून टाक की पिन काढतेस.

आणि नळीवर हात टेकवू नकोस, घामाचे डाग पडतात. कोरडं फडकं ठेव.

मी इथं बरा आहे. पेपर वाचणं सोडलं, त्यात असतं काय. दुपारी गच्चीत बसतो. उन्हात हल्ली सगळंच पांढरंफटक दिसतं, उन्हाळा लवकर लागणार यंदा. परवा सांडशी समजून मामीचा चिमटा उचलला, त्यावरून घर डोक्यावर घेतलं तिनं. म्हातारपणी माणसाला कोण विचारतं! तू विचारलंस म्हणून चार दिवस बरे गेले.

पिन.

तुझा मामा

६ फेब्रुवारी

मामा,

पिन काढते.

तपासणी पुढं गेली, आता चोवीस तारखेला. काळजीचं काही नाही.

एक काम होतं. तुमच्या डब्यातल्या दोन चकत्या या पुडक्यात परत पाठवतेय. दोन्हींच्या पाठीवर तुमचा ठिपका आहे, तसाच ठेवलाय. कोणाचा कोणता रंग आहे, ते बघून मला लिहा. पहिलीला दोरा बांधलाय, दुसरीला नाही. एवढंच हवंय. मामीला विचारू नका, तुम्हीच बघून लिहा.

ठिणगी

१२ फेब्रुवारी

ठिणगे,

खरं सांग, हाताला काय झालं?

मला पत्र हातात घेतल्याबरोबर कळलं. केवढी मोठी अक्षरं! आणि वाकडी. एवढी मोठी अक्षरं माणूस कधी काढतो? बोटांना पट्टी असली तर. चार ओळींत पत्र संपवलंस, तू कधी चार ओळींत थांबलेली आहेस का? तपासणी पुढं गेली म्हणतेस, ती काय उगाच जाते? कोणतं बोट? चकती फुटली का घसरली? मोजा अडकला का? मी बॅग भरून बसलोय. मामी म्हणते, अक्षर मोठं काढ असं तुम्हीच लिहिलं होतंत. लिहिलं असेल. पण इतकं मोठं नव्हतं सांगितलं.

चकत्या बघितल्या. हा काय प्रश्न झाला? दोन्ही पांढऱ्या. दोऱ्याची पांढरी, बिनदोऱ्याची पांढरी. दिव्याखाली धरून बघितल्या, अंगठ्यानं चाचपून बघितल्या. चाळीस वर्षं चकत्या लावल्या मी, रंग ओळखायला मला शिकवणारी तू कोण गं? दोन्ही स्टेनलेसच्या आहेत, निर्धास्त वापर. परत कशाला पाठवल्यास, तुलाच लागतील.

डॉक्टरांना बोट दाखव. टाके घालायला सांगितले तर घालून घे, मुकाट्यानं.

तुझा मामा

(मागच्या बाजूला, पेन्सिलीनं)

हे मामीचं. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, तेवढ्यात लिहिते. दोऱ्याची चकती पिवळी आहे. दुसरी चकती पांढरी, पण तिच्या कडेला जुना ठिपका दिसतो, तो पिवळा. नवा पांढरा त्याच्यावर लावलाय. तुला काय हवंय मला ठाऊक नाही, पण ह्यांनी मागच्या आठवड्यात लिंबाला अंडं म्हटलं आणि फोडायला घेतलं. इथल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच मोतीबिंदू सांगितलाय, दोन्ही डोळ्यांत. कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ आहे. लिहायचं नाही असं कुठं म्हटलंय?

१७ फेब्रुवारी

मामा,

माझी दहाही बोटं जागेवर आहेत. मोजून घ्या, या कागदाच्या कडेला शाईचे दहा ठसे उमटवलेत. बॅग भरलेलीच ठेवा, पण दुसऱ्या कामासाठी. ते खाली लिहिते.

आता लपवलेलं सांगते. तीन तारखेला सकाळी जिन्यावर गेले तर आठव्या पायरीच्या जोडावर तांबूस पुटकुळ्या. नवव्यावर नाही. अकराव्यावर आहेत. सगळे जोड बघितले, सात ठिकाणी होत्या. ठेकेदार तिथंच होता. म्हणाला, "गंजणारं स्टेनलेस पहिल्यांदा बघितलं बुवा. उखडा." मी म्हटलं, "माल चांगला आहे, घासणारी चुकलीय. मला चोवीसपर्यंत द्या." तो हसला, पण त्याच्या माणसाला दुसरीकडचं काम संपवायला तेवढेच दिवस हवे होते, म्हणून दिले.

मग तुमचंच ऐकलं. पांढऱ्या ठिपक्याच्या पाचही चकत्या वेगवेगळ्या भंगार तुकड्यांवर चालवल्या, वर ओलं फडकं. चार तुकडे स्वच्छ राहिले. एकावर गंज आला. पिवळ्या चारही चालवल्या. तीन तुकडे गंजले, एक स्वच्छ! म्हणजे दोघींची अदलाबदल झाली होती. त्याच दोघी तुम्हाला पाठवल्या. दोऱ्याची चकती पिवळी आहे, मामा, आणि तुम्ही ती पांढरी लिहिलीत. दुसरीवर तुमच्याच हातचा पांढरा आहे, पण खाली जुना पिवळा आहे.

थांबा, पत्र खाली ठेवू नका. तुम्ही आता कपाळावर हात मारून घ्याल आणि चार दिवस जेवणार नाही. चूक तुमची नाही. तुम्ही डब्याबरोबर स्पष्ट लिहिलं होतं की कोणतीही चकती आधी तुकड्यावर चालव. दुकानातून आणलेली प्रत्येक चकती मी तशी चालवून बघितली. तुमच्या डब्यातली एकही नाही. तुमचा ठिपका दिसला आणि म्हटलं, मामाचा ठिपका, त्याला काय विचारायचं. मी डोळे मिटले ते जोडावर अंगठा फिरवताना नव्हे, डबा उघडतानाच मिटले होते.

सातही जोड पुन्हा घासतेय. सगळ्या नव्या चकत्या, साठपासून. मग लिंबाच्या सत्वाच्या पाण्यानं पुसून दोन दिवस ओल्या फडक्यात ठेवते. चार झाले, डाग नाही. उरलेलेही होतील, मला शंका नाही.

आता तुमचं. मामीनं काही सांगितलं नाही, तिनं शपथ मोडलेली नाही. मला तुमच्या चकत्यांनी सांगितलं. "ऊन पांढरंफटक", "अक्षर मोठं काढ", पेपर सोडला. मामा, तुमची भीती मला कळते. पण उस्तादांच्या डोळ्यात चकतीचे तुकडे गेले होते. तुमच्या डोळ्यावर नुसती जाळी आलीय. फुटलेली चकती आणि धूळ बसलेली काच एकाच भंगारात टाकायची का? मी असं केलं असतं तर तुम्ही शेड डोक्यावर घेतली असती.

चोवीसला माझी परीक्षा. त्याआधी तुमचं उत्तर हवं: ती बॅग घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी जाताय?

ठिणगी

२ मार्च

मामा,

उत्तर आलं नाही. चोवीस गेली, आज दोन तारीख.

रागावला असाल तर ऐकून तरी घ्या. तपासनीस बाई आल्या. सोबत भिंग आणि पाणी फवारायची बाटली. ठेकेदारानं गंजाचं आधीच कानावर घातलेलं होतं. बाईंनी विचारलं, "कोणते सात?" मी म्हटलं, "शोधा." हे बोलायला नको होतं, पण बोलले. डाग उठतो का बघायला त्यांनी आदल्या दिवशीच जोडांवर पाणी फवारून घेतलं होतं. जोडाजोडाला भिंग लावलं. वरपासून खाली, खालपासून वर. मग विचारलं, "तुम्ही कसं तपासता?" मी दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि अंगठा नळीवर ठेवून बेचाळीस पायऱ्या उतरल्या. खाली येऊन ठेकेदाराला म्हणाल्या, "वरचे तीन मजलेही ह्यांनाच." तो मिशी चोळत म्हणाला, "मी तेच म्हणत होतो."

इस्पितळाचे खालचे मजले उद्यापासून सुरू होतायत, वरचं काम चालू राहील.

तुमच्या चकत्यांमधल्या सात अजून माझ्या भिंतीवर आहेत, तुकड्यावर तपासून. पण त्यांच्यावर कुणी नीट ठिपका लावून देईल तर बरं. माझा हात तितका गोल फिरत नाही.

एक ओळ लिहा. मामीकडून लिहवून घेतलीत तरी चालेल.

ठिणगी

१९ मार्च, सकाळी

ठिणगे,

ही चिठ्ठी इस्पितळाच्या पहारेकऱ्याबरोबर पाठवतोय. शेड दहा मिनिटांवर आहे, मीच आलो असतो, पण डॉक्टरीणबाईंनी महिनाभर धुळीत जायचं नाही म्हणून दम भरलाय. आणि तुझ्या शेडमध्ये धूळ नसेल तर तू काम करत नाहीस असा अर्थ होईल.

रागावलो नव्हतो. तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवस त्या दोन चकत्याच चाचपत बसलो, ते खरं. माझ्या हातून लोखंडाची चकती स्टेनलेसला गेली! उस्ताद असते तर पक्कड फेकून मारली असती. मग तुझं ते काचेचं वाक्य आठवत राहिलं. मामी म्हणाली, "पोरगी शंभरात एक बोललीय, आता काय ते ठरवा." मी म्हटलं, "कापून घ्यायचाच असला तर तिच्या जिन्याच्या इस्पितळात घेतो. डोळा गेला तरी कठडा तरी धरायला मिळेल." तुला सांगितलं असतं तर तू काम सोडून उशाशी बसली असतीस. म्हणून नाही सांगितलं. तू कुठं सांगितलं होतंस?

सोळाला उजवा डोळा झाला. मी टेबलावर डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हत्याराची मुदत बघितलीत का?" त्या हसल्या आणि पाकीट माझ्यासमोर धरलं, महिना-वर्ष वाचून दाखवलं. मग माझी भीती अर्धी गेली. उरलेली अर्धी भूल दिल्यावर गेली.

काल पट्टी निघाली. आज घरी सोडतायत. वरून खाली यायला लिफ्ट आहे, पण मी जिन्यानं आलो. मामी पुढं, मी मागं. वरच्या पायरीवर उभा राहिलो, नवा डोळा मिटला, जुना मिटला, अंगठा नळीवर ठेवला आणि निघालो. पहारेकरी खालून ओरडला, "आजोबा, ऑपरेशन झालंय ना, डोळे उघडा की!" मी म्हटलं, "थांब रे, काम चालू आहे."

सव्वीस जोड मोजले. मोजले म्हणजे पायऱ्यांवरून मोजले, कारण अंगठ्याला ते सापडत नव्हते. पंचवीस गेले, काही नाही, लोण्यावरून बोट फिरावं तसं. फक्त अकराव्या पायरीपाशी अंगठा केसभर खाली गेला. तिथं थांबलो. तिथं तुला दोन वेळा घासावं लागलं, माझ्या चकतीमुळं. बाईंना लागला नाही तो खळगा, मला लागला. त्याला हात लावू नकोस. माझी चूक तू जिथून काढलीस ती जागा आहे ती, मला अधूनमधून येऊन चाचपायची आहे. डाव्या डोळ्यासाठी पुढच्या महिन्यात यायचंच आहे.

खाली येऊन डोळा उघडला. कठडा बघितला. त्यात माझं तोंड दिसलं. इतका म्हातारा झालोय, हे कुणीच कसं सांगितलं नाही?

मग पिशवीतून तुझ्या दोन चकत्या काढल्या आणि उजेडात धरल्या. दोऱ्याची पिवळी आहे. हळदीसारखी पिवळी. दुसरीवर माझ्या हातचा पांढरा, आणि त्याच्याखालून पिवळा डोकावतोय, बोट घालून दाखवावं इतका स्पष्ट.

तर आता काम सोडून ये. सात चकत्या डब्यात घालून आण, झटकून आण, धूळ नको. मामीनं रंगाच्या दोन बाटल्या आणि बारीक कुंचला आणलाय. इथं खिडकीजवळ बाक आहे, उजेड चांगला येतो. ठिपके मी लावतो. तू नुसती बघत बस, आणि चुकलो तर सांग.

येताना यंत्राची पिन काढून ये.

तुझा मामा